उजव्या हाताचं दुसरं रान

ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी आमचे हे त्याच्यावर बसलेच नाहीत. खाली उभं राहून, हात लांब करून त्यांनी किल्ली फिरवली. बैलांच्या मानेवर जू ठेवताना माणूस कसा बाजूला उभा राहतो, तसं. आधीचा मालक तो गिअरमध्येच उभा करून गेला होता, हे ह्यांना कुणी सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. विचारायची सवय आमच्या घरातल्या पुरुषांना नाहीच.

ट्रॅक्टर धडधडला आणि निघाला. एकटाच. ह्यांनी आधी बैलांना थांबवतात तसं "हो, हो" करून पाहिलं. तो थांबेना तेव्हा हे त्याच्यामागं धावले. ते लाल धूड कोंबड्यांचं खुराडं चेपत, सरपण उडवत अंगण ओलांडून गेलं आणि न्हाणीच्या पत्र्यात तोंड खुपसून बंद पडलं. कोंबड्या बाहेर चरत होत्या म्हणून वाचल्या. न्हाणीत मात्र मामंजी होते. माझ्या सासऱ्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, दोन्हीकडं मोतीबिंदू. त्यांनी डोक्यावर तांब्या ओतता ओतता विचारलं, "कोण आहे? जरा थांबा, झालंच माझं."

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू. हसता हसता खाली बसले आणि मग पाहिलं तर हेही बसलेले. पळत्या ट्रॅक्टरवर चढायला गेले आणि पाय घसरून आपटले होते. घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सांगितलं, पाय जमिनीला लावायचा नाही.

मग मात्र माझं हसू पळालं. कारण रान तसंच पडलं होतं.

रान आमचं नाही. ते मास्तरीणबाईंचं. त्या शहरात शाळेवर आहेत, आणि आम्ही ते वाट्यानं करतो. गेल्या हंगामात आमच्याकडून नांगरणीला उशीर झाला, माती दगड झाली, पीक हातभर वर आलं आणि तिथंच थांबलं. बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. शांतपणे म्हणाल्या, "या खेपेला वाफसा असताना नांगर लागलेला दिसला, तर रान तुमचं. नाहीतर शेजारी मागतोय, त्याला देईन. बाजारच्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार."

वाफसा म्हणजे जमिनीची अशी ओल, की मूठ वळली तर ढेकूळ होतं आणि सोडली तर फुटतं. ती थांबत नाही कुणासाठी. वरून ऊन चढत होतं. बाजाराचा दिवस परवावर आला होता. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला, ट्रॅक्टर चालवणारा खाटेवर, आणि ते रान गेलं तर आमच्याकडं उरतो तो घरामागचा एक तुकडा. त्यावर चूल पेटत नाही.

रान मागणारा शेजारी म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. काहीही विचारा, तो म्हणणार, "होईल, सावकाश होईल." माणूस आडव्या बांध्याचा, बोलायला गोड, आणि दुसऱ्याच्या ताटातलं दिसलं की डोळे बारीक करणारा. आयत्या बिळावर नागोबा. त्याचं रान बाईंच्या रानाला लागून, मधे फक्त एक बांध. आमच्या घरी तो ह्यांचा पाय बघायला म्हणून आला आणि खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "दादा, तू आता आराम कर. रानाची काळजी करू नको. रान काही पळून जात नाही."

तो गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मी चालवते."

"काय?"

"ट्रॅक्टर."

"अगं, तुला सायकल येत नाही."

"तुम्हाला येते ना? मग न्हाणीत कसे शिरलात?"

मामंजी बाहेर बाजेवर होते, तिथूनच म्हणाले, "शिकू दे तिला. न्हाणी तशीही पडलीच आहे."

ह्यांची खाट आम्ही अंगणात झाडाखाली आणली. हे आडवे पडून शिकवणार आणि मी वर बसून शिकणार. वर चढले तेव्हा छाती अशी धडधडत होती की इंजिन चालू झालं ते मला आधी कळलंच नाही. मला वाटलं माझंच आहे. खालून ह्यांनी सांगितलं, "डावा पाय क्लच. उजवीकडं ब्रेक. हाताशी रेसचा दांडा. क्लच हळू सोड. हळू म्हणजे..."

मी सोडला. ट्रॅक्टरनं पुढचे पाय उचलल्यासारखं केलं, मीही उचलले गेले, आणि निघालो. अहाहा. इतक्या वरून मी आमचं अंगण कधी पाहिलंच नव्हतं. शेजारणीच्या परसात काय वाळत घातलंय तेसुद्धा दिसत होतं. पण भिंत जवळ यायला लागली. ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी गर्रकन फिरला. पुन्हा दाबला, पुन्हा फिरला. मी दाबतेय आणि तो घाण्याच्या बैलासारखा अंगणात गोल गोल. मध्ये खाट, खाटेवर नवरा, आणि मी त्याच्याभोवती फेऱ्या मारतेय.

"दोन्ही दाब," हे ओरडत होते. "ब्रेक दोन आहेत. दोन्ही दाब."

"आधी सांगायचं ना."

"तू सांगू कुठं दिलंस?"

ट्रॅक्टरला प्रत्येक मागच्या चाकाचा वेगळा ब्रेक असतो. एकच दाबला की एक चाक अडतं आणि दुसरं पळतं, रानात जागच्या जागी वळायला. रस्त्यावर जाताना दोन्ही जोडून घ्यायचे, त्याला एक कडी असते. हे ज्ञान मला फेऱ्या मारून झाल्यावर मिळालं. तोवर कपड्यांची दोरी धुराड्यात अडकून माझ्याबरोबर निघाली होती. फाटकातून बाहेर पडले, गल्लीतून वळून परत आले, तर मागून मामंजींचे सदरे आणि ह्यांची चादर धुळीतून फरफटत येत होती. गल्लीतले लोक दारात आले. कुणीतरी म्हणालं, "वरात कुणाची?" मी म्हटलं, "तुमच्या कपड्यांची काढू का?" आणि पुढं गेले. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला इतका आनंद झाला होता की बाजूला बसायला कुणी असतं तर त्याला मिठी मारली असती.

संध्याकाळपर्यंत मी तो थांबवू शकत होते, वळवू शकत होते आणि मागं घेऊ शकत होते. मागं घेताना गोठ्याची दावण गेली, पण गोठ्यात बैल नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मागं नांगर जोडून निघाले. मामंजी चाकावरच्या पत्र्यावर बसले, एका हातानं दांडा धरून. म्हणाले, "डोळे नसले म्हणून काय झालं, वाट मला तोंडपाठ आहे."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही रानात जातो ते पायवाटेनं, विहिरीवरून. जन्मभर तसंच. विहीर ओलांडली की उजव्या हाताला पहिलं रान दुसऱ्या कुणाचं, आणि दुसरं आपलं, म्हणजे बाईंचं. झोपेत उठवलं तरी मामंजी हेच सांगतील, मीही हेच सांगेन. पण पायवाटेनं ट्रॅक्टर कसा जाणार? तो गेला गाडीरस्त्यानं, कालव्याच्या बाजूनं, म्हणजे रानांच्या पलीकडच्या टोकाला. उलट्या बाजूनं. सगळीकडं पीक निघून गेलेलं, जिकडं बघावं तिकडं एकसारखी धसकटं, आणि बांध म्हणजे पावलाएवढा उंचवटा.

"उजव्या हाताला दुसरं," मामंजी म्हणाले.

"उजव्या हाताला दुसरं," मी म्हटलं आणि उतरवला ट्रॅक्टर रानात.

पहिलं तास, म्हणजे नांगराची रेघ, मी असं सरळ मारलं की बघत राहावं. मामंजी पत्र्यावरून म्हणाले, "सूनबाई, माती किती मऊ आहे गं यंदा. कुठं अडत नाही, धडकत नाही. नुसतं पाण्यावरून चालल्यासारखं."

मी मागं वळून पाहिलं. नांगर वरच होता. लिफ्टचा दांडा खाली करायचा मी विसरले होते. आख्खं तास आम्ही हवा नांगरली होती.

"काय झालं?" मामंजी म्हणाले.

"काही नाही, आता जरा धडकेल. धरून बसा."

नांगर खाली टाकला आणि ट्रॅक्टरनं धाप टाकली. फाळ जमिनीत शिरले, माती फुटून दोन्ही बाजूंना पडायला लागली, ओली, काळी, वास येणारी. मी ओरडले बहुतेक. इंजिनाच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. लग्न होऊन आल्यापासून मी या मातीत वाकलेच होते, खुरपं घेऊन, विळा घेऊन, पाटी डोक्यावर घेऊन. तिच्याकडं वरून बघत, बसल्या जागी तिला उलटीपालटी करायचं, हे मला माहीतच नव्हतं. मामंजींना हादरे सहन होईनात, त्यांना मी बांधावरच्या झाडाखाली सोडलं. ते तिथं आडवे झाले आणि घोरायला लागले.

उन्हं वर आली तेव्हा सावकाश आला. त्याची बैलजोडी पुढं, खांद्यावर नांगर. बांधावर उभा राहून त्यानं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग नांगर खाली ठेवला, बैल सावलीला बांधले आणि ऐसपैस मांडी घालून बसला. मी मनात म्हटलं, बस. बघ, नीट बघ. रान मागतोस काय.

फेरी त्याच्याजवळ आली की तो हात वर करायचा. एकदा त्यानं मला थांबवून पाण्याची बाटली दिली. "उन्हाचं जपा, वहिनी. झकास चाललंय. बाई माणूस असून काय रेघ मारताय." मला बरं वाटलं. माणसाबद्दल आपण उगाच वाईट धरतो, असंही वाटलं. पुढच्या फेरीला तर तो उठून उभा राहिला आणि बोट करून म्हणाला, "वहिनी, तो कोपरा जरा राहिलाय बघा." मी गेले आणि कोपरा नांगरला. पुन्हा एकदा उलटा घेऊन नीट नांगरला. तो म्हणाला, "हां, आता कसं."

दिवस कलला तेव्हा शेवटचं तास निघालं. ते निघालं आणि ट्रॅक्टर दोनदा खोकून बंद पडला. डिझेल संपलं होतं. पण मला कशाची फिकीर, रान पुरं झालं होतं. खाली उतरले, हात अजून चाक धरल्यासारखे वाकडे. आसपासच्या रानातली माणसं घरी निघाली होती, ती ट्रॅक्टर बघायला थांबली. बाया आल्या. माझी मान अशी ताठ, की ह्यांनी पाहिली असती तर म्हणाले असते, जरा खाली बघ, ठेच लागेल.

सावकाश उठला. कपडे झटकले. सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "वहिनी, उपकार झाले. माझं रान नांगरून दिलंत. माझ्या बैलांना आज सुट्टी."

मला कळलं नाही. मग मी विहीर शोधली. विहीर जिथं असायला हवी तिथं नव्हती, दुसऱ्या टोकाला होती. बांधापलीकडं बाईंचं रान धसकटांसकट तसंच पडलेलं. कुणीतरी आधी हसलं आणि मग सगळेच हसले. एक बाई तर पोट धरून खाली बसली. मामंजी जागे होऊन विचारत होते, "काय झालं? आटपलं का?" आणि त्यांना कुणी सांगत नव्हतं.

डिझेल नाही. डिझेल आणलं तरी संपून बंद पडलेल्या इंजिनात हवा धरते, ती मिस्त्रीशिवाय निघत नाही, आणि मिस्त्री उद्या बाजारात. उद्याच मास्तरीणबाई येणार. मला रडू यायला हवं होतं. डोळे भरलेही. पण माझं असं आहे, की रडू आणि राग एकाच वेळी आले तर राग आधी बाहेर पडतो.

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही सकाळपासून इथंच होतात?"

"होतो की. बांधावरच होतो."

"मी चुकीच्या रानात आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

तो हसला. आता लोकांसमोर तो रंगात आला होता. "माझं रान मला ओळखू येणार नाही का, वहिनी?"

"आणि कोपरा राहिलाय, हे कुणी सांगितलं?"

"मीच. काम करायचं तर नीट करावं माणसानं." पुन्हा सगळे हसले.

"बरोबर बोललात," मी म्हटलं. "नीट करायचं. तुम्हाला ठाऊक नसतं तर ती माझी चूक होती, मी डोक्याला हात लावून घरी गेले असते. पण रानाचा धनी बांधावर हजर, डोळ्यांनी बघतोय, पाणी देतोय, कोपरा सांगून करून घेतोय. मग ती चूक कशी? तो पैरा झाला. आज मी तुमच्या रानात, उद्या तुम्ही माझ्या."

हसणं थांबलं. पैरा ही काही गमतीची गोष्ट नाही. आमच्याकडं कुणाकडंही सगळी औतं, सगळी माणसं नसतात. आज तू माझ्याकडं राब, उद्या मी तुझ्याकडं, यावरच सगळ्यांची शेती उभी आहे. ते कुठं लिहिलेलं नसतं. पण पैरा बुडवला त्याच्या मळणीला माणूस मिळत नाही, त्याचं छप्पर उडालं तर धरायला कुणी येत नाही.

सावकाश म्हणाला, "असं कसं? मी कुठं बोलावलं होतं?"

पोट धरून हसणारी ती बाई आता उभी राहिली होती. तिची माझी फारशी बोलचालही नाही. ती म्हणाली, "बोलावलं नाही खरं. पण कोपरा करून घेतलास की."

एक म्हातारा शेतकरी काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "पैराच आहे हा. फेडायला पाहिजे."

"बैलांनी काय एका दिवसात होणार आहे?" सावकाश कुरकुरला.

"सावकाश होईल," मी म्हटलं. "पण उद्या सकाळी सुरू होईल."

घरी आले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, प्लॅस्टरकडं बघत बसले आणि म्हणाले, "तो येणार नाही."

"येईल."

"आला तरी काय. बाई आल्या की तो सरळ सांगेल, बघा, रान मीच नांगरतोय. नांगर त्याचा, बैल त्याचे. मग काय करशील?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या मी. ती रात्र कशी गेली ते मला विचारू नका.

सकाळी पोचले तर तो आलेला होता. स्वतःची जोडी होती आणि मेव्हण्याचीही एक जोडी आणली होती. तोंड आंबट, पण आलेला. ऊन तापायच्या आत जमेल तेवढं उरकायचं म्हणून बोलणं नाही, काही नाही. दुसऱ्या जोडीमागं मी उभी राहिले. नांगराचं रुमणं हातात धरायला मला कुणी शिकवलं नव्हतं, तेही मी तिथंच शिकले. फाळ जमिनीत जास्त घुसला की बैल थांबायचे आणि माझ्याकडं वळून बघायचे, बाई, काय चाललंय तुझं, म्हणून. एकदा रुमणं उसळून बरगडीत बसलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. मेव्हण्याचा बैल मला इतका कंटाळला की तासाच्या मध्येच उभा राहून शांतपणे मुतला. तेवढं सोडलं तर काम चांगलं चाललं होतं. वाफसा अजून होता. ढेकूळ पायाखाली फुटत होतं.

मास्तरीणबाई आल्या तेव्हा मी रानाच्या पार पलीकडच्या टोकाला होते, आणि सावकाश रस्त्याच्या टोकाला. बाई छत्री घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. मी बैल तिथंच सोडले आणि निघाले. ओल्या नांगरटीतून पळता येत नाही, पाय घोट्यापर्यंत जातो. दोनदा पडले. ढेकळांवर हात टेकून उठले आणि पुन्हा पळाले. लांबून बाई काहीतरी विचारताना दिसत होत्या आणि सावकाश रुमण्यावर हात ठेवून मान खाली घालून उभा होता. त्या दोघांच्या मधे माझं सगळं घर होतं, आणि मी धावतेय तरी पोचत नव्हते.

आवाज कानावर यायला लागला तेव्हा बाई म्हणत होत्या, "तुम्हीच मागत होतात ना हे रान? मग बरंच झालं. तुम्हीच नांगरताय, तर तुमच्याच नावानं ठरवू या."

मी थांबले. धाप लागून तोंडातून शब्द निघेना. सावकाशनं माझ्याकडं पाहिलं. मातीनं भरलेली, पदर सुटलेली, एक चप्पल ढेकळांत कुठंतरी राहिलेली. बांधापलीकडं त्याचं रान होतं, मी नांगरलेलं. तिकडंही त्यानं एकदा पाहिलं. त्यानं घाम पुसला, आणि मला वाटलं, आता बोलला. संपलं.

"नाही बाई," तो म्हणाला. "मी पैऱ्यावर आलोय. रान वहिनींचं आहे."

बाईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. "तुम्ही करता हे रान?"

इतकी वर्षं त्या रानाला कुणी मास्तरीणबाईंचं म्हणायचं, कुणी मामंजींचं, कुणी ह्यांचं. माझं म्हणून कुणी कधी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी मान डोलावली. मग बैलांकडं परत गेले आणि अर्धवट राहिलेल्या तासात नांगर घातला.